सांगवडेकरांचं डकोटा

यज्ञेश्वर नृसिंह सांगवडेकर यांनी आयुष्यात एकही सिगारेट ओढली नाही. पण आमच्या कचेरीत सिगारेट ओढणाऱ्या प्रत्येक माणसाशी त्यांनी नोकरी संपेपर्यंत जिव्हाळ्याचे संबंध ठेवले. पाकीट संपलं की आतली चंदेरी बेगड न चुरगळता सांगवडेकरांच्या टेबलावर नेऊन द्यायची, असा आमच्याकडे अलिखित नियम होता. काही मंडळी तर सिगारेट सोडायचा विचार मनात आला की आधी सांगवडेकरांना भेटत. ते कधी कुणाला सोडू नका म्हणाले नाहीत. फक्त म्हणायचे, "बघा बाबा. उजवा पंख राहिलाय अजून."

कचेरी कोल्हापूरच्या पाटबंधारे खात्याची. सांगवडेकर तिथं ट्रेसर होते. म्हणजे इंजिनिअरसाहेबांनी पेन्सिलीनं काढलेला बंधारा यांनी ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं पुन्हा काढायचा. त्यांनी स्वतःची अशी एक रेघ नोकरीत कधी मारली नाही. मारल्या त्या सगळ्या दुसऱ्याच्या रेघा, फक्त मूळच्यापेक्षा सरळ. मी समोरच्या आवक-जावक टेबलावर बसत असे, त्यामुळे तीस वर्षं माझ्या नजरेसमोर एकतर ते होते किंवा टपाल होतं. दोहोंत ते बरे.

विमानात ते कधी बसले नाहीत. उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ होता, पण तिथं विमानं क्वचित येत आणि म्हशी नियमित येत. सांगवडेकरांची विमानं आली ती खोक्यातून.

सुरुवात एकसष्ट साली झाली. लीलावहिनींचे, म्हणजे त्यांच्या पत्नीचे, भाऊ बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. बहिणीला दिवस गेल्याचं कळल्यावर होणाऱ्या भाच्यासाठी म्हणून त्यांनी लंडनहून एक खोका पाठवला. मामानं घाई केली होती. पाळण्यातल्या मुलाच्या हाती देण्याजोगी ती वस्तू नव्हती. खोक्यावर ढगांतून झेपावणारं विमान रंगवलेलं आणि आत राखाडी प्लास्टिकचे त्रेचाळीस तुकडे, चिंचेच्या आकड्यांसारखे एका काडीला लटकलेले. खोका पोचला तेव्हा बाळ नव्हतं. सातव्या महिन्यात गेलं होतं. त्यानंतर त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात याविषयी काही बोलणं झालं असलं तर ते मला ठाऊक नाही. ठाऊक आहे ते इतकंच, की खोका वर्षभर कपाटावर पडून होता, आणि एका रविवारी सकाळी लीलावहिनींनी तो खाली काढला, फडक्यानं पुसला आणि नवऱ्यापुढं ठेवला. म्हणाल्या, "करा बघू हे. नुसतं भिंतीकडं बघत बसण्यापेक्षा बरं."

खोक्यातली गोंदाची नळी बोटीच्या प्रवासात सुकून दगड झाली होती. सांगवडेकरांनी सरस लावून पाहिला, खळ लावून पाहिली, चपलांच्या तळाला लावतात ते सोल्युशन लावून पाहिलं. प्लास्टिक कशालाच दाद देईना. मग कुणीतरी सांगितलं की स्टुडिओत फिल्म तुटली की जोडायला एक औषध असतं. कोल्हापुरात स्टुडिओ होते, आणि एडिटरच्या हाताखाली काम करणारा गुंडू नावाचा गृहस्थ सांगवडेकरांच्याच गल्लीत राहत होता. त्यानं शाईच्या दौतीतून ते औषध आणून दिलं. थेंबभर लावलं की प्लास्टिक जागच्या जागी विरघळून एकजीव होई. वासानं मात्र डोकं गरगरत असे. गुंडूनं सोबत फिल्मचे निकामी तुकडेही दिले. सांगवडेकर ते सोड्याच्या गरम पाण्यात घासत, म्हणजे वरचं चित्र निघून जाऊन खाली स्वच्छ पारदर्शक पट्टी उरे. तिच्या ते विमानाच्या खिडक्या करत. थोडक्यात, त्यांच्या प्रत्येक विमानाच्या खिडकीत कधीकाळी एखादी नायिका रडून गेलेली असे.

मेव्हण्यांची बोट जगाला फेरी मारून आली की एक खोका येई. त्यामुळे घाईचा प्रश्नच नव्हता. आधी खोक्यातला सूचनांचा कागद सांगवडेकर स्वतः ट्रेस करत आणि त्याला नंबर देऊन फायलीत लावत. पुढं राज्यकारभार मराठीत आला तेव्हा त्यांनी त्या सूचनाही मराठीत आणल्या. "डावे धड उजव्या धडास जुळवून पाहावे. घाई करू नये." मूळ इंग्रजीत घाईविषयी काही नव्हतं. सिगारेटची बेगड विमानाच्या अंगावर चिकटवून झाली की जुन्या गजराच्या घड्याळातलं दातेरी चाक तिच्यावरून हलकेच फिरवायचं; त्यानं पत्रे जोडणाऱ्या रिबिटांच्या ठिपक्यांची ओळ उमटे. पट्टी, ब्लेड, भिंग आणि खिडकीतलं सकाळचं ऊन. दिव्याच्या उजेडात बेगड खोटं बोलते, असं ते म्हणत.

आता अठ्ठ्याऐंशी सालात ही माहिती कुणाला सांगितली तर ऐकणारा तोंडदेखलं हसतो आणि घड्याळाकडं पाहतो. बाजारात बॅटरीवर चालणारी, लाल दिवे लावून भिंतीवर आपटणारी विमानं मिळतात. जोडावं लागत नाही, मोडावं मात्र लागतं. सांगवडेकर निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. मोतीबिंदूमुळे ब्लेड त्यांनी ठेवून दिलंय. त्यांच्या कपाटात पाच विमानं आहेत. सहावं मुरगूडला आहे. हे त्या सहाव्याबद्दल.

सहावा खोका सदुसष्ट साली आला आणि तो शेवटचा होता. मेव्हण्यांनी बोट सोडून पुण्यात घर बांधलं होतं, आणि पुण्याहून तसले खोके येत नसत. आत डकोटा होतं. दोन पंख्यांचं, माणसं आणि सामान वाहणारं, पंखांचा पसारा सोळा इंच. सांगवडेकरांनी ते चार वर्षं उघडलं नाही. दर दसऱ्याला खोका खाली काढून त्यावर आपट्याचं पान ठेवायचं आणि पुन्हा वर. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "झालं की संपलंच की हो ते."

बहात्तरच्या जानेवारीत आमचा शिपाई ज्ञानू त्यांच्या टेबलापाशी येऊन डोकं खाजवत उभा राहिला.

"सायेब, आमची म्हातारी आलीया. तुमच्यासंगं बोलायचं म्हनतीया."

म्हातारी, म्हणजे चिमणाबाई, मुरगूडहून पहिल्या गाडीनं आली होती. उंच, काटक, नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आम्ही खुर्ची पुढं केली तर ती फरशीवरच बसली.

"खुर्चीवर बसल्याव मला बोलाय येत न्हाई," ती म्हणाली. "ज्ञानू म्हनतोय तुम्ही इमानं करताय. खरं हाय?"

"खेळण्यातली," सांगवडेकर म्हणाले.

"न्हवं, पर खऱ्यावानी दिसत्यात न्हवं?"

या प्रश्नावर सांगवडेकरांनी पेन खाली ठेवलं. हा प्रश्न त्यांना दहा वर्षांत कुणी विचारला नव्हता.

हकीकत अशी. ज्ञानूचा धाकटा भाऊ हंबीरराव हवाई दलात फिटर होता. डिसेंबरात लढाई लागली तेव्हा चिमणाबाई चौदा दिवस ग्रामपंचायतीच्या रेडिओखाली बसून होती. रेडिओ दिल्लीचं बोले, मुंबईचं बोले, हंबीरचं काही बोलत नसे. दुसऱ्या दिवशीच तिनं गावच्या देवीला नवस बोलला: पोरगा लढाईतनं धडधाकट सुटू दे, तो ज्या इमानावर हाय तसलंच इमान तुझ्या म्होरं आणून ठेवीन. आणि तवर गुळाला शिवनार न्हाई.

पोरगा धडधाकट सुटला. तसं पत्रही आलं. गूळ मात्र सुटलेलाच होता. हे जरा समजून घ्यायला हवं. चिमणाबाईच्या शेतात स्वतःचं गुऱ्हाळ होतं. थंडीभर काहील पेटलेली, घरादाराला, कपड्यांना, जनावरांना गुळाचा वास. दर वर्षी पहिल्या ढेपेचा खडा आधी तिच्या तोंडात जायचा आणि ती "हं" म्हणाली की पुढचं काम चालू. त्या वर्षी तिनं खडा हातात घेतला, हुंगला आणि सुनेला दिला. सून म्हणाली, "बरा हाय." चिमणाबाई आम्हाला म्हणाली, "बरा हाय म्हंजी काय? ती काय सांगनं झालं?"

"मग सोनाराकडून चांदीचं करून घ्यायचं," मी सुचवलं.

"केलं की." तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली. आत चांदीचं काहीतरी होतं. मुरगूडच्या सोनारानं विमान कधी जवळून पाहिलं नव्हतं, मासे पुष्कळ पाहिले होते. "बगा. कल्ले तेवढं घालायचं ऱ्हायलंत. ह्यो घेऊन देवी काय कालवन करनार हाय?"

तिची घाई वेगळीच होती. हंबीररावाचं लग्न आजऱ्याच्या मुलीशी ठरलं होतं. नवस फिटल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत असं तिनं व्याह्यांना सांगून टाकलं होतं, आणि व्याही फार दिवस थांबणाऱ्यांपैकी नव्हते.

"कोणत्या विमानावर आहे तुमचा मुलगा?" सांगवडेकरांनी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं? ज्ञानू, सांग की रं."

"डाकूटा का काय म्हनत्यात," ज्ञानू म्हणाला.

सांगवडेकरांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाले, "चैत्रात देतो."

लीलावहिनींनी मला नंतर सांगितलं, त्या रविवारी खोका उघडण्याआधी सांगवडेकरांनी आंघोळ केली.

कामाचा माणूस वचन देतो तेव्हा कामाचा विचार करतो, वचनाचा करत नाही. सांगवडेकरांच्या पुढं पहिला प्रश्न पडला तो शेपटीवरच्या नंबराचा. देवीला वाहायचं विमान म्हणजे हंबीररावाचं विमान. कुठलंही डकोटा चालणार नाही. तेव्हा त्यांनी हंबीररावाला एक पत्र लिहिलं. त्यात सव्वीस प्रश्न होते. शेपटीचा नंबर काय, पंखांखाली तिरंगी चक्र कुठं, दरवाजा आत उघडतो की बाहेर, तारा किती आणि कुठून कुठं. सोबत तीन बाजूंची आकृती जोडली, तिच्यावर बाणानं जागा दाखवल्या, आणि सरकारी माणसाला साजेल अशी सही करून ते पाकीट लढाई संपून महिना झाला नाही तोच हवाई दलाच्या पत्त्यावर धाडलं.

उत्तर दोन महिन्यांनी आलं. "आपले पत्र आमच्या साहेबांनी वाचले. मलाही दाखवले. मग मला दोन तास विचारले की हे गृहस्थ कोण. मी सांगितले की ते बंधारे काढतात. सध्या कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. इकडील सर्व ठीक. आईस सांगावे."

"म्हणजे रजेवर येईल तेव्हाच विचारायचं," सांगवडेकर शांतपणे म्हणाले. रजा कधी, हे कुणालाच माहीत नव्हतं.

चैत्र आला. चिमणाबाई आली, शेंगांची पिशवी घेऊन. विमानाचं धड जुळलं होतं, पंख लागले होते, बेगड अर्ध्यावर. तिनं लांबूनच पाहिलं, हात जोडले आणि म्हणाली, "झालंया की."

"नाही. नंबर बाकी आहे."

"देवीला नंबर वाचाय येतोय व्हय?"

"देवीला येत नसेल," सांगवडेकर म्हणाले. "मला येतो."

चिमणाबाईनं यावर वाद घातला नाही. तिनं लीलावहिनींचा साखरेचा चहा तोंड वाकडं करून प्यायला, साखरंला काय गोडी असती व्हय असं म्हणून बशी पालथी घातली आणि निघून गेली. ज्येष्ठात आली. श्रावणात आली. घाईचा शब्द तिच्या तोंडून निघत नसे, पण ती दर वेळी त्याच जागी बसून त्याच विमानाकडं बघे, आणि दर वेळी विमानात काहीतरी सुधारलेलं असे. एकदा सांगवडेकरांनी सगळ्या खिडक्या काढून पुन्हा बसवल्या होत्या. पहिल्यांत एकीला केसाएवढी चीर होती. एकदा डाव्या पंखाची बेगड सोलून काढली होती, कारण उजव्याची एका ब्रँडची आणि डाव्याची दुसऱ्या ब्रँडची, आणि उन्हात फरक दिसत होता. त्या एका पंखासाठी आमचे हेडक्लार्क पंधरा दिवस आपला नेहमीचा ब्रँड सोडून दुसरा ओढत होते. खोकले, पण ओढत राहिले.

श्रावणातल्या त्या खेपेला चिमणाबाई गेल्यावर लीलावहिनींचा संयम सुटला. मी समोर होतो, त्याचा त्यांनी मुलाहिजा ठेवला नाही.

"अहो, त्या बाईनं आठ महिने गूळ तोंडात घातलेला नाही. तिचं लग्नाचं पोरगं खोळंबलंय. आणि तुम्ही खिडक्या कसल्या पुसताय?"

"चुकीचं कसं द्यायचं?"

"चुकीचं दिसतंय कुणाला?"

"मला."

"मग तुम्ही नवस बोलायचा होता," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या. जरा वेळानं आतूनच म्हणाल्या, "भावजी, तुम्ही तरी सांगा यांना. हातातनं सुटत नाही यांच्या. पहिल्यापासनं असंच आहे."

सांगवडेकर भिंग पुसत बसले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "खोटं नाही ती म्हणते ते. पण नंबर लागू दे. नंबर लागला की देतो."

हंबीरराव नोव्हेंबरात रजेवर आला. मध्यम उंचीचा, केस बारीक कापलेला, उन्हानं रापलेला तरुण. आईला घेऊन रविवारी सकाळी सांगवडेकरांकडं आला. मी आधीच जाऊन बसलो होतो. डकोटा खिडकीपाशी टेबलावर होतं, आणि खरं सांगायचं तर तसली वस्तू मी पुन्हा पाहिली नाही. कोवळ्या उन्हात ते नुसतं चमकत नव्हतं, ते धातूचं दिसत होतं. रिबिटांची ओळ न् ओळ. शेपटी तेवढी कोरी.

"बघा," सांगवडेकर म्हणाले. त्यांनी हातात कागद-पेन्सिल घेतलं होतं. "आणि चूक असेल ती सांगा. अजिबात संकोच करू नका."

हंबीरराव टेबलाभोवती फिरला. वाकला, पुन्हा फिरला. खाली बसून त्यानं विमानाच्या पोटाखालून पाहिलं. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडं पाहत होतो.

"काका, लई भारी," तो म्हणाला. "कारखान्यातनं निघतानाच असं असंल. पर आमचं असं न्हाई."

"कुठं चुकलंय?"

"चुकलं न्हाई. आमचंच चुकल्यालं हाय. त्याच्या शेपटीचं सुकानू दुसऱ्या मोडक्या इमानाचं हाय, हिरवं. दार बसत न्हाई, आम्ही दोरीनं बांधतो. आनि हितं…" त्यानं दरवाजाच्या मागं, डाव्या अंगाला बोट टेकवलं. "हितं ठिगळ हाय. तेलाच्या डब्याचा पत्रा. मीच मारला."

"ठिगळ? कशाला?"

"भोक पडलं हुतं. खालनं फायरिंग झालं न्हवं…" तो बोलता बोलता थांबला. आई मागं बसलीय हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

चिमणाबाई उठली. टेबलापाशी आली. "कवा?" तिनं विचारलं.

"डिसेंबरात. काय न्हाई आई, ताटायेवढं बारकं."

"तू कुठं हुतास?"

हंबीररावानं विमानावरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाला, "आतच हुतो. दारातनं सामान खाली ढकलाय."

तिच्या पोराच्या आणि त्या भोकाच्या मध्ये किती अंतर होतं हे तिनं विचारलं नाही. ती वाकली आणि त्या चकचकीत विमानावर, जिथं काहीच नव्हतं तिथं, तिनं करंगळी ठेवली. बराच वेळ ठेवली. बेगडीवर बोटाचा ठसा उमटला. एरवी सांगवडेकर असल्या ठशानं आजारी पडले असते.

"सायेब," ती म्हणाली, "हितं ठिगळ लावा. देवीनं कुठलं इमान राखलं ते तिला कळाय नगो? ह्ये असलं नवंकोरं बघून ती म्हनंल, ह्ये कुनाचं?"

सांगवडेकरांनी कागद-पेन्सिल बाजूला ठेवली. दहा महिने त्यांनी त्या विमानातली प्रत्येक खोट काढली होती. आता एक घालायची होती. त्यांनी ब्लेड उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. लीलावहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"आत्ताच करतो," ते म्हणाले. "उद्यावर गेलं तर माझ्यानं व्हायचं नाही."

त्यांनी हंबीररावाकडून भोकाचं माप घेतलं, त्याला बहात्तरांनी भागलं, कारण खोक्यातलं विमान एकास बहात्तर या मापाचं होतं, आणि जोंधळ्याच्या दाण्याएवढं भोक स्टोव्हवर तापवलेल्या दाभणानं पाडलं. प्लास्टिक जळल्याचा वास आला. सुकाणूवरची बेगड खरवडून तिथं हिरवा रंग दिला. नंबरही विचारला. हंबीररावानं इकडंतिकडं बघून, दबक्या आवाजात, कानात सांगितला, आणि तो शाईनं शेपटीवर चढला. मग सांगवडेकरांनी चहाच्या पुड्यातली पिवळट चांदी कातरून ठिगळ तयार केलं, आणि ते लावायला चिमटा पुढं केला.

"थांबा," चिमणाबाई म्हणाली. "ह्यात मानसं हायत?"

"पुढं दोन आहेत. वैमानिक."

"माझा कुठाय?"

खोक्यात दोनच माणसं आली होती. इंग्रज कंपनीनं सामान ढकलणाऱ्याचा विचार केला नव्हता.

सांगवडेकरांनी हंबीररावाला विचारलं, "उंची किती तुमची?"

"पाच फूट सात इंच."

त्यांनी पट्टी घेतली, भागाकार केला आणि आगपेटीतली एक काडी इंचाला थोडी कमी अशी कापली. गूल तसाच ठेवला, ते डोकं. ब्लेडनं पाय वेगळे केले. खाकी रंगाचे दोन हात मारले. फुंकर घातली. मग फिल्मच्या औषधाचा थेंब लावून त्यांनी तो हंबीरराव भोकातून आत सोडला, भिंगातून बघत आत उभा केला, मनात वीस आकडे मोजले, आणि वर ठिगळ लावलं. घड्याळाचं चाक त्यावरून एकदा फिरवलं. आता तो कुणालाही कधीही दिसणार नव्हता.

"झालं," ते म्हणाले. गेल्या दहा महिन्यांत हा शब्द त्यांनी प्रथमच उच्चारला.

मंगळवारी आम्ही मुरगूडला गेलो. सांगवडेकरांनी खोका मांडीवर धरला होता. एस.टी.चा स्वतःचाच खुळखुळाट इतका होता की दुसरं काही ऐकू येण्याची सोय नव्हती. देवळात चिमणाबाईची सगळी भावकी जमली होती. आजऱ्याचे व्याहीही आले होते आणि विमानाकडं जरा संशयानं पाहत होते. पुजाऱ्यानं विमान दोन्ही हातांत घेतलं, देवीला दाखवायला तिरकं केलं, आणि आत काहीतरी खुळ्ळ करून वाजलं.

सांगवडेकरांनी माझा दंड धरला.

"काडी लाकडाची," ते माझ्या कानाशी म्हणाले. "ते औषध लाकडाला धरत नाही. मला माहीत होतं हो. दहा वर्षं माहीत आहे." मग मोठ्यानं, पुजाऱ्याला: "जरा परत द्या ते. एक आठवडा द्या मला. ठिगळ काढून पुन्हा…"

व्याह्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

चिमणाबाई पुढं आली. तिनं पुजाऱ्याच्या हातातून विमान घेतलं, आणि आपण नारळ घेताना पाणी आहे का बघतो तसं, ते कानापाशी धरून हलकेच हलवलं. खुळ्ळ. पुन्हा हलवलं. खुळ्ळ.

"हाय की," ती म्हणाली. "आत हाय."

विमान तिनं स्वतः नेऊन देवीच्या पायाशी ठेवलं. पुजाऱ्यानं ठिगळाच्या अगदी जवळ शेंदराचं बोट ओढलं, सांगवडेकरांनी डोळे मिटून घेतले, आणि ते उघडेपर्यंत चिमणाबाईच्या तोंडात गुळाचा खडा होता आणि ती सुनेला सांगत होती की ह्यो गूळ बरा न्हाई, कुनाच्या गुऱ्हाळाचा आनलाय. व्याह्यांनी तिथंच पायरीवर बसून माघातली तारीख काढली.

सांगवडेकर बाहेर पिंपळाच्या पारावर एकटेच बसले होते. हंबीरराव त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला.

"मी उभा चिकटवला होता तुम्हाला," सांगवडेकर त्याला म्हणाले. अपराध कबूल करावा तसे. "आता आत आडवा पडला असणार. कायमचा."

हंबीररावानं आई कुठं आहे ते पाहिलं. ती आत बायकांत होती. मग तो वाकून हळूच म्हणाला, "काका, आईला सांगू नगा. फायरिंग चालू असताना उभं कोन ऱ्हातंय? आमी समदी आडवीच पडल्याली हुतो."

सांगवडेकरांनी त्याच्याकडं नीट पाहिलं.

"तोंड कुणीकडं होतं?"

"शेपटीकडं."

त्यांनी जरा विचार केला. पुजाऱ्यानं विमान कुठल्या बाजूला तिरकं केलं होतं ते हातानं हवेत करून पाहिलं.

"मग बरोबर आहे," ते म्हणाले, आणि तांब्या तोंडाला लावला.